अडीचशे वर्षांच्या शांततेत जपानी तलवार कशी बदलली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमध्ये जवळजवळ अडीचशे वर्षं मोठं युद्ध झालं नाही, मग त्या काळात इतक्या तलवारी बनल्या कशासाठी? त्या नुसत्या शोभेच्या होत्या का? टोकियोच्या संग्रहालयात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन तलवारींपैकी एक चांगलीच वाकलेली आणि दुसरी जवळजवळ सरळ का होती? आणि पुन्हा तिथे जाल तेव्हा नेमकं काय बघावं?

मी धातुशास्त्र शिकले, पोलादावरच्या उष्णता-प्रक्रिया हा माझा रोजचा व्यवसाय आहे. जपानमध्ये राहायला आल्यापासून इआइदो, म्हणजे तलवार उपसण्याची कला, शिकते आहे. तलवार हातात घेऊन ती कोणत्या काळातली, कोणत्या घराण्यातली हे ओळखायच्या बैठका इथे भरतात, त्यांनाही नियमाने जाते. त्यामुळे खालचं उत्तर पोलादाच्या बाजूला थोडं जास्त झुकलेलं असेल. चित्रकलेच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने ते जरा वेगळं मांडलं असतं.

‘शोभेची की कामाची’ अशी विभागणी मी करणार नाही. प्रत्येक काळात तलवारीला काहीतरी काम होतंच. ते काम कोणतं, हे विचारायला हवं. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि त्यानंतर १८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका येईपर्यंत सामुराईला रणांगण असं दिसलंच नाही. पण तलवार कमरेची सुटली नाही. आपल्याकडे १८१८ नंतर घराण्यातली तलवार देवघरात किंवा भिंतीवर गेली आणि दसऱ्याच्या पूजेपुरती खाली उतरू लागली. जपानमध्ये ती रोज सकाळी कपड्यांबरोबर कमरेला चढत राहिली. रोज बाळगायची, लोकांच्या नजरेला पडणारी, भेट द्यायची, वारशात मोजली जाणारी आणि क्वचित कधी खरोखर उपसायची वस्तू, हे तिचं नवं काम होतं. पात्याचा आकार, पोलाद आणि मूठ-म्यान या सगळ्यांवर त्या कामाचा परिणाम झाला.

आधी एक घोटाळा दूर करते. तुम्ही पाहिलेली वाकलेली तलवार बहुधा ‘ताची’ असणार. ती घोडेस्वाराची तलवार. धार खाली ठेवून कमरेला टांगायची आणि घोड्यावरून एका हाताने चालवायची. दुसरी ‘कताना’. ती धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचायची. हा बदल शांततेमुळे झालेला नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात लढाया पायदळाच्या झाल्या, गर्दीत पटकन उपसता येईल असं हत्यार हवं झालं, आणि कताना पुढे आली. एदो काळ सुरू झाला तेव्हा ती आधीच रुळलेली होती. म्हणजे ताची ते कताना हा प्रवास युद्धांनी केला; शांततेने त्यानंतरच्या कतानामध्ये बदल केले. संग्रहालयात ही दोन पाती शेजारी असली तरी त्यांच्यात तीन-चारशे वर्षांचं अंतर असू शकतं, म्हणून त्या दोघींची थेट तुलना करून शांततेबद्दल काही ठरवता येत नाही.

तलवारींच्या अभ्यासात १५९६ च्या आसपास एक रेघ ओढतात. तिच्या आधीच्या त्या ‘कोतो’, जुन्या. नंतरच्या ‘शिन्तो’, नव्या. रेघ तिथेच का, याला राजकारणाइतकंच अर्थकारण जबाबदार आहे. बिझेन प्रांतातलं ओसाफुने हे शतकानुशतकं तलवारींचं सर्वांत मोठं केंद्र होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीच्या पुरांनी ते गाव उद्ध्वस्त झालं. त्याच सुमारास सरदारांनी आपापल्या किल्ल्यांभोवती नवी शहरं वसवली आणि लोहार तिकडे गेले. आधी लोहार जिथे लोहवाळू आणि कोळसा तिथे राहायचा, आता जिथे गिऱ्हाईक तिथे राहू लागला. रस्ते सुरक्षित झाले, तसं डोंगराळ भागातल्या भट्ट्यांचं पोलाद देशभर विकलं जाऊ लागलं. परिणाम पात्यावर उघड दिसतो. जुन्या पात्यांच्या पोलादाचा रंग, त्यातली रेषांची वीण प्रांताप्रांताने वेगळी. नव्या पात्यांत ते अंतर बरंच पुसलं जातं. पोलाद उजळ, घट्ट आणि एकसारखं दिसू लागतं.

एदोच्या पहिल्या पिढीत मात्र युद्धाची आठवण ताजी होती. त्या वेळची पाती रुंद, टोकाकडेही फारशी न निमुळती होणारी, मोठ्या टोकाची आहेत. चौदाव्या शतकातल्या प्रचंड लांब तलवारी नंतरच्या लोकांनी मुठीकडून कापून छोट्या केल्या होत्या. या नव्या पात्यांचा आकार त्या कापलेल्या तलवारींसारखाच दिसतो. मुठीकडून कापल्यामुळे त्या जुन्या पात्यांवरची लोहाराची सही बहुतेक वेळा गेली, आणि आज आम्ही बैठकीत ज्या बिनसहीच्या पात्यांवर डोकं खाजवत बसतो त्यांतली पुष्कळशी याच कापाकापीतून आलेली आहेत.

आगींनीही या इतिहासात मोठा वाटा उचलला आहे. १६१५ मध्ये ओसाकाच्या किल्ल्याबरोबर आधीच्या सत्ताधीश तोयोतोमी घराण्याच्या नामांकित तलवारी भाजून निघाल्या. आगीत पातं वितळत नाही, पण धारेचा कडकपणा जातो. धार कडक असते ती पोलाद तापवून एकदम पाण्यात बुडवल्याने तयार होणाऱ्या मार्टेन्साइट नावाच्या रचनेमुळे, आणि पुन्हा तापलं की ती रचना मोडते. एदो काळातला पहिला शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासू याने एचिझेन प्रांतातल्या यासुत्सुगु या लोहाराकडून अशा कित्येक पात्यांना पुन्हा पाणी देऊन घेतलं. १६५७ मध्ये एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, मेइरेकीच्या आगीत भस्मसात झालं. त्यात शोगुनच्या किल्ल्यातला संग्रहही गेला आणि असंख्य सामुराईंच्या घरातल्या तलवारीही गेल्या. सगळ्यांना एकदम नव्या तलवारी हव्या झाल्या. पुढच्या कानबुन काळात, म्हणजे १६६१ ते १६७३ मध्ये, तलवारींचं जे भरघोस उत्पादन झालं त्यामागे ही आग आहे.

तुम्ही पाहिलेली ‘जवळजवळ सरळ’ तलवार याच काळातली असावी असा माझा अंदाज आहे. बैठकीत पात्याचा मुठीत जाणारा भाग, ‘नाकागो’, झाकलेला असतो, कारण सही तिथेच असते. पातं हात लांब करून उभं धरायचं आणि आधी फक्त बाह्यरेषा बघायची. पोलाद आणि धारेची नक्षी नंतर. कानबुन काळातलं पातं असं उभं धरलं की दोन गोष्टी लगेच जाणवतात. एक, वाक अगदी कमी. पुष्कळदा एक-सव्वा सेंटीमीटर, आणि तोही सर्वत्र सारखा पसरलेला. दुसरी, मुठीजवळ तीनेक सेंटीमीटर रुंद असलेलं पातं टोकाशी दोन सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि टोक लहानखुरं असतं. हातात त्याचं वजन मुठीकडे राहतं. म्हणून ते उपसायला आणि थांबवायला सोपं जातं. वार मात्र रुंद टोकाच्या पात्याइतका आपल्या भाराने पुढे ओढत नाही. हे मला पुस्तकापेक्षा सरावातून जास्त कळलं.

पातं असं सरळ का झालं? याचं सर्वत्र सापडणारं उत्तर म्हणजे, लोक बांबूच्या सरळ ‘शिनाई’ने सराव करायला लागले, म्हणून तलवारही सरळ झाली. हे उत्तर मला पटत नाही, कारण कालक्रम जुळत नाही. चामड्याच्या पिशवीत घातलेली बांबूची काठी काही घराण्यांत सोळाव्या शतकापासून होती हे खरं. पण मुखवटा, हातमोजे घालून शिनाईने पूर्ण जोरात भिडायची पद्धत नागानुमा कुनिसातोने बसवली ती १७११ ते १७१६ या शोतोकु काळात, आणि तिचा खरा प्रसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. कानबुनची पाती त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीची आहेत. मला वाटतं खरी कारणं साधी आहेत. घोडा सुटला होता. चिलखत सुटलं होतं, त्यामुळे जाड कवच फोडण्याची गरज नव्हती आणि भोसकणं सोपं झालं होतं. संभाव्य झटापट म्हणजे रस्त्यावरची किंवा घरातली, साध्या कपड्यांतल्या माणसांशी. आणि दिवसभर कमरेला खोचून चालायचं, बसायचं, उठायचं, त्याला सरळसर, टोकाकडे हलकं पातं सोयीचं. हे सगळं अनुमान आहे; लोहारांना ‘वाक कमी करा’ असा कोणी हुकूम दिलेला नव्हता.

हा नियम सगळ्या देशाला लागू होत नाही. हिझेनच्या तादायोशी घराण्याच्या पात्यांत त्या काळातही सुरेख वाक टिकून आहे. सात्सुमात जिगेन-र्‍यू या लढाऊ पद्धतीचं वर्चस्व होतं. तिथली पाती शेवटपर्यंत रुंद, जाड, भारदस्त राहिली. म्हणून ‘एदो काळ म्हणजे सरळ पातं’ हे समीकरण जिथे तिथे लावू नका. कोणत्या सरदाराच्या मुलखात बनलं हे आधी बघावं लागतं.

आता नियम आणि कपडे. लांब कताना आणि आखूड वाकिझाशी अशी जोडी, ‘दाइशो’, हा सामुराईच्या दर्जाचा खूण-पट्टा झाला. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शोगुनच्या सरकारने लांबीवर मर्यादा घातल्या. कतानाला वरची मर्यादा सुमारे २ शाकु ८ सुन, म्हणजे ८५ सेंटीमीटरच्या आसपास. रोजच्या वापरात प्रतिष्ठित लांबी रुळली ती २ शाकु ३ सुनच्या जवळपास, साधारण ७० सेंटीमीटर. आज संग्रहालयांत एवढ्याच लांबीची पाती पुन्हा पुन्हा दिसतात ती त्यामुळे.

कोणाच्या घरी गेलं की लांब तलवार दारात काढून द्यायची. आत आखूडच राहायची. एदोच्या किल्ल्यातही तेच. १७०१ मध्ये सरदार आसानो नागानोरीने किल्ल्यातल्या दालनात किरा योशिनाकावर हल्ला केला तो आखूड तलवारीनेच. किरा जखमी झाला पण वाचला. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. हाताशी लांब कताना असती तर कदाचित वेगळं घडलं असतं. शांततेच्या काळातली खरीखुरी हाणामारी बघायची तर अशा दालनांत, जिन्यांवर, खानावळींत बघावी लागते, आणि तिथे वाकिझाशी जास्त कामाची होती.

वाकिझाशी सामान्यांनाही वापरता येत असे. एदो काळाआधीचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची शस्त्रं जमा केली, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण त्यानंतरही शहरातले लोक कित्येक वर्षं तलवारी बाळगत होते. त्यांच्या लांब तलवारींवर टप्प्याटप्प्याने बंधनं आली आणि १६८३ मध्ये त्या बंद झाल्या. आखूड तलवार मात्र चालत राहिली, विशेषतः प्रवासात. या एका फटीतून पैसा आत आला. ओसाका ही तांदळाच्या व्यापाराची राजधानी. तिथल्या श्रीमंत व्यापाऱ्याला लांब तलवार नाही मिळणार, पण उत्तमातल्या उत्तम लोहाराकडून वाकिझाशी करून घेता येत होती. ओसाकाच्या शिन्तो तलवारींत वाकिझाशींचं प्रमाण एवढं मोठं का, याचं उत्तर हे गिऱ्हाईक आहे.

या गिऱ्हाइकाला सौंदर्य हवं होतं आणि ते त्याला मिळालं. त्सुदा सुकेहिरोने धारेवर समुद्राच्या उसळत्या लाटांसारखी नक्षी काढली, ‘तोरान-मिदारे’. पात्याला पाणी देण्याआधी त्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. लेप पातळ तिथे पोलाद झपाट्याने थंड होऊन कडक होतं, जाड तिथे मऊ राहतं. दोहोंच्या सीमेवरची पांढुरकी रेघ म्हणजे ‘हामोन’. माती कशी लावायची यावर रेघेचा आकार ठरतो, पण पूर्णपणे नाही. तापमान थोडं इकडेतिकडे झालं की रेघ हवी तिथे येत नाही. सुकेहिरोच्या लाटा पात्याच्या पूर्ण लांबीत मोठ्या, मोकळ्या, तरीही एका लयीत चालतात. उष्णता-प्रक्रियेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघून मान झुकवावीशी वाटते. त्याच शहरातला इनोउए शिनकाई साधी, सरळसर रेघ काढायचा, पण पोलादाचे चमकदार कण तिच्यात असे भरायचा की पातं आतून उजळल्यासारखं दिसतं. मला स्वतःला शिनकाई जास्त आवडतो.

पुढे गेनरोकु काळात, १६८८ ते १७०४ मध्ये, ही हौस चित्रांपर्यंत गेली. पाण्यावर तरंगणारी शेवंतीची फुलं, वाहत्या पाण्यातली साकुराची, म्हणजे चेरीची, फुलं, फुजी पर्वत, हे सगळं हामोनमध्ये काढायला लागले. कसब थक्क करणारं आहे. तरी हत्यार म्हणून ही वाट चुकली असं मी म्हणेन, आणि का ते पुढे सांगते.

त्याआधी ‘नुसत्या शोभेच्या होत्या का’ याचं थेट उत्तर देते. नव्हत्या, कारण त्यांची चाचणी होत असे, आणि तीही रीतसर. मृत्युदंड दिलेल्या गुन्हेगारांची प्रेतं वाळूच्या उंचवट्यावर ठेवून व्यावसायिक परीक्षक तलवार चालवायचे. सतराव्या शतकात यामानो काएमोन, पुढे पिढ्यानपिढ्या यामादा आसाएमोन हे नाव लावणारं घराणं. निकाल चांगला आला की किती शरीरं एका वारात कापली गेली, कोणी कापली, कोणत्या दिवशी, हे नाकागोवर कोरून त्यात सोनं भरत. गंजाच्या काळपट तपकिरी पृष्ठभागावर ती सोनेरी अक्षरं पहिल्यांदा जवळून बघितली की अंगावर काटा येतो. नागासोने कोतेत्सु हा मूळचा एचिझेनचा चिलखतं बनवणारा. शांततेत चिलखतांना मागणी राहिली नाही आणि तो एदोत येऊन तलवारी करू लागला. त्याच्या पात्यांवर यामानोच्या अशा नोंदी वारंवार दिसतात. १७९७ मध्ये ‘काइहो केन्जाकु’ या पुस्तिकेत लोहारांची कापण्याच्या क्षमतेनुसार प्रतवारी छापली गेली, त्यात कोतेत्सु सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. त्याच्या नावाच्या खोट्या सह्या इतक्या झाल्या की कोतेत्सु दिसला की खोटा समजा असं इथले जाणते सांगतात.

पण ही चाचणी काय तपासते ते बघा. स्थिर ठेवलेलं मऊ शरीर, मोकळी जागा, निवांत घेतलेला पवित्रा. यात धारेचा तीक्ष्णपणा आणि वार करणाऱ्याचं कसब कळतं. दुसऱ्या पोलादावर आडवा तडाखा बसला, शिरस्त्राणावर वार पडला, थंडीत पात्याच्या सपाट बाजूवर दणका आला, तर काय होईल हे त्यात कळत नाही. रणांगण त्याची परीक्षा आपोआप घ्यायचं. ते बंद झाल्यावर पात्याचा एक गुण रोज तपासला जात राहिला आणि दुसरा, चिवटपणा, कोणी तपासेनासा झाला. जे मोजलं जात नाही ते हळूहळू घसरतं, हे आमच्या कारखान्यातही होतं. शांततेने तलवार बिघडवली असं म्हणायचंच असेल, तर ती नेमकी इथे बिघडवली.

मूठ-म्यानाच्या बाजूला मात्र हाच काळ सुवर्णयुग ठरला, आणि तुम्ही पाती बघून घाईने पुढे जाऊ नका म्हणून हे सांगते आहे. किल्ल्यात हजर राहायचं तर काळ्या लाखेचं म्यान आणि शिस्तशीर साज लागायचा. त्यासाठी गोतो या धातुकारागिरांच्या घराण्याचं काम मान्य होतं. तांब्यात थोडं सोनं मिसळलेला ‘शाकुदो’ हा मिश्रधातू रासायनिक प्रक्रियेने निळसर काळा होतो. त्यावर ‘नानाको’, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक उठावदार दाणे, एकेक ठोकून काढलेले असतात. भिंगातून बघा, ओळी कुठेही तुटत नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस योकोया सोमिनसारखे कारागीर या सरकारी शैलीतून बाहेर पडले आणि शहरी गिऱ्हाइकांसाठी, चित्रकाराने कुंचला फिरवावा तशा ओघवत्या रेषांत छिन्नी चालवू लागले. हाताचं रक्षण करणारी लोखंडी चकती, ‘त्सुबा’, इथे चित्राचा फलक झाली.

भेटींचंही तसंच. सरदार एकमेकांना आणि शोगुनला तलवारी देत. होन्आमी घराणं त्यांची पारख करून किमतीचा कागद देई. औपचारिक नजराण्यांसाठी तर लाकडी ताची बनवल्या जात. देण्याघेण्याची रीत पोलादाशिवायही पुरी होत होती!

या सगळ्यात नव्या पात्यांची मागणी कमी कमी होत गेली. प्रत्येक घरात आजोबांची तलवार होतीच, आणि ती लढाईत मोडत नव्हती. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याला ही घसरण दिसली. त्याने देशभरातून लोहारांची माहिती मागवली आणि १७२१ मध्ये निवडक लोहारांना एदोत बोलावून पाती करवून घेतली. सात्सुमाच्या मासाकियो आणि यासुयो यांना नाकागोवर तोकुगावांच्या आओई चिन्हाचं एक पान कोरायचा मान मिळाला. पुन्हा सात्सुमाच, हे लक्षात घ्या. जुन्या नामांकित तलवारींची मोठी यादीही त्याच्याच काळात होन्आमींनी तयार केली. पण राजाश्रयाने मागणी वाढत नाही, आणि अठराव्या शतकाच्या मधल्या काळातलं काम आम्हाला बैठकीत क्वचितच बघायला मिळतं.

वळण आलं ते सुइशिन्शी मासाहिदेमुळे. १७५० ते १८२५ हा त्याचा काळ. त्याने स्वतः सुकेहिरोच्या लाटा उत्तम काढल्या होत्या, म्हणून त्याची टीका वजनदार आहे. रुंद, उंच लाटांच्या, मोठ्या कणांच्या हामोनची पाती मोडतात, आणि लढाऊ जुन्या तलवारींकडे, विशेषतः बिझेनच्या पद्धतीकडे परत जायला हवं, असं त्याने लिहून आणि शिष्यांना शिकवून सांगितलं. धातुशास्त्र त्याच्या बाजूचं आहे. हामोन जितकी पाठीकडे चढते तितका पात्यातला ठिसूळ भाग वाढतो आणि ताण झेलणारा मऊ भाग कमी होतो. मोठ्या कणांचं पोलाद सहसा जास्त तापमानाकडे बोट दाखवतं, तेही चिवटपणाला मारक. जुन्या बिझेन पात्यांत हामोनमधून धारेकडे मऊ पोलादाच्या बारीक आडव्या पट्ट्या उतरतात, त्यांना ‘आशी’ म्हणतात. धारेचा तुकडा उडालाच तर तडा पुढच्या आशीपाशी अडतो. फुलं आणि लाटा काढायच्या नादात ही रचना मागे पडली होती. मासाहिदेपासूनच्या तलवारींना ‘शिनशिन्तो’, नव्यातल्या नव्या, म्हणतात.

परत जायचं ठरवलं म्हणून परत जाता येतंच असं नाही. जुन्या लोहारांचं पोलाद वेगळं होतं, आणि त्यांच्या हातातली बरीच गुपितं लिहिलेली नव्हती. म्हणूनच १८५३ मध्ये शिनानो प्रांतातल्या मात्सुशिरो संस्थानाने केलेली परीक्षा मला फार महत्त्वाची वाटते. तिथे पेंढ्याच्या गठ्ठ्यांपासून हरणाचं शिंग, लोखंड, शिरस्त्राण इथपर्यंत वार केले गेले. पाती मुद्दाम पाठीवर आणि बाजूवर तडाखे देऊनही बघितली. मासाहिदेचा नामांकित शिष्य ताइकेइ नाओताने याचं मोठ्या कणांचं पातं लवकर मोडलं. त्याच प्रांतातल्या यामाउरा सानेओ याचं पातं मात्र कल्पनेपलीकडे टिकलं. हा सानेओ म्हणजे प्रसिद्ध लोहार कियोमारोचा थोरला भाऊ. दीडशे वर्षांत न विचारलेला प्रश्न इथे विचारला गेला.

ते सालही बघा. १८५३ मध्येच अमेरिकन कमोडोर पेरी आला, आणि तलवारीचं काम पुन्हा बदललं. त्यानंतरची पंधरा वर्षं राजकीय खुनांची, रस्त्यावरच्या चकमकींची आणि शेवटी यादवी युद्धाची. पाती लांब, रुंद, मोठ्या टोकाची झाली. काही तर लांब आणि जवळजवळ सरळ. या पात्यांच्या बाबतीत मात्र शिनाईच्या सरावाचा प्रभाव मला पटतो, कारण एव्हाना ती पद्धत घरोघर पोचली होती. शांततेतल्या सवयी किती मुरल्या होत्या याचं उदाहरण १८६० चं. साकुरादा दरवाजाबाहेर बर्फ पडत असताना शोगुनचा मुख्य मंत्री इइ नाओसुके याच्या पालखीवर हल्ला झाला. त्याच्या रक्षकांनी मुठी आणि म्यानं भिजू नयेत म्हणून त्यांवर खोळी चढवल्या होत्या. तलवारी वेळेत उपसता आल्या नाहीत आणि नाओसुके मारला गेला.

१८७६ च्या फर्मानाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगणं बंद झालं. लोहारांची बहुतेक दुकानं बंद पडली. मूठ-म्यानाच्या कारागिरांना त्यामानाने वाट सापडली. कानो नात्सुओने तर त्याआधीच नव्या सरकारच्या नाण्यांच्या आकृती करून दिल्या होत्या.

आता तुमच्या भेटीबद्दल. उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि र्‍योगोकुचं तलवार संग्रहालय, दोन्हीकडे जा. नागोयाला जाणार असाल तर तोकुगावा कला संग्रहालय चुकवू नका. आधी मांडणी बघा : धार खाली असेल तर ताची, धार वर असेल तर कताना किंवा वाकिझाशी. मग पाटीवरचं साल आणि प्रांत वाचून कानबुनचं एक, १८०० च्या पुढचं एक आणि जमलं तर सात्सुमाचं एक पातं निवडा, आणि फक्त त्या तिघांना वेळ द्या. पहिल्या फेरीत बाह्यरेषाच बघा. मुठीजवळची आणि टोकाजवळची रुंदी डोळ्यांनी ताडा. दुसऱ्या फेरीत गुडघे थोडे वाकवून दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर सरकवत न्या, म्हणजे हामोन खुलेल. पाठीकडे ती किती वर चढली आहे आणि तिच्यातून आशी धारेकडे उतरतात का, ते शोधा. नाकागो उघडा ठेवला असेल तर त्याच्या गंजाकडेही बघा. तो मुद्दाम राखलेला असतो, वयाचा अंदाज त्यावरून बांधतात, आणि तो घासून काढलेलं पातं इथे निम्म्या किमतीलाही कोणी घेत नाही. काचेपलीकडून फोटो काढायची परवानगी असेल तर पाटीसकट काढा, आणि त्यातली लांबी, वाक व लोहाराचं नाव इथे लिहा. तेवढ्यावरून मला बरंच सांगता येईल.